स्वसंरक्षणाचे रिव्हॉल्व्हर : निवड, काडतुसे आणि सीमाभागातील परवानाधारकाची जबाबदारी

बेळगाव-निपाणी परिसरात तंबाखू, ऊस व गूळ यांच्या व्यवहारानिमित्त रोख रक्कम घेऊन प्रवास करणारे व्यापारी, सराफ, तसेच गावापासून दूर मळ्यात राहणारी शेतकरी कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी काहींना स्वसंरक्षणासाठी लहान शस्त्र जवळ असावे असे वाटते. मग ‘कोणते रिव्हॉल्व्हर घ्यावे?’ हा प्रश्न प्रथम विचारला जातो. वस्तुतः तो शेवटी विचारावयाचा प्रश्न आहे. कायदा कशास अनुमती देतो, आपला हात काय पेलू शकतो आणि परवाना कोठवर चालतो, हे आधी पाहणे अगत्याचे आहे.

कायद्याची दृष्टी

१९५९ चा शस्त्र अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. पिकांच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक, अथवा संरक्षणासाठी किमान २० इंच लांबीची गुळगुळीत नळी असलेली बंदूक मागणाऱ्यास, अन्य हरकत नसल्यास, परवाना द्यावा असे या कायद्याचे धोरण आहे. रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत मात्र अर्जदाराजवळ सबळ कारण आहे, अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. रानडुकरांचा उपद्रव हे रिव्हॉल्व्हरचे कारण होऊ शकत नाही. शिवाय वन्य प्राण्यावर गोळी झाडण्यास वन्यजीव कायद्यानुसार वेगळी परवानगी लागते.

अर्जदाराचे वय २१ वर्षे पूर्ण असावे लागते. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे वैद्यकीय दाखला, शस्त्र सुरक्षिततेचे प्रशिक्षण आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी आवश्यक आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकास दोनच अग्निशस्त्रे बाळगता येतात व परवान्याची मुदत पाच वर्षांची आहे. विनापरवाना गावठी पिस्तूल जवळ सापडल्यास दोन ते पाच वर्षे कारावासाची तरतूद आहे.

शस्त्राची निवड

सामान्य नागरिकास ०.३२ व ०.२२ बोअरची रिव्हॉल्व्हरे मिळू शकतात. ९ मिलिमीटरचे पिस्तूल निषिद्ध बोअरमध्ये मोडते. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ साली ‘निर्भीक’ हे सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे ०.३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर महिलांना डोळ्यांसमोर ठेवून बाजारात आणले. तेव्हा त्याची किंमत सुमारे १ लाख २२ हजार रुपये होती. ईशापूर येथील कारखान्याचे ‘निडर’ हे ०.२२ बोअरचे रिव्हॉल्व्हर त्याच्या निम्म्या वजनाचे, सुमारे २५० ग्रॅमचे आहे.

हलके शस्त्र जवळ बाळगण्यास सोयीचे खरे; परंतु एकाच काडतुसाचा धक्का जड शस्त्रापेक्षा हलक्या शस्त्रात अधिक जाणवतो. आखूड नळीने नेम साधण्यासही अधिक सराव लागतो. म्हणून मूठ हातात नीट बसते काय आणि चाप ओढताना नळी हलते काय, हे रिकाम्या शस्त्रावर पाहूनच निर्णय घ्यावा.

काडतुसे

‘०.३२’ एवढे सांगून काडतूस मागणे ही मोठी चूक होय. ०.३२ बोअरच्या रिव्हॉल्व्हरचे व त्याच बोअरच्या पिस्तुलाचे काडतूस वेगवेगळे असते. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाची नळकांडी सुमारे २३ मिलिमीटर, तर पिस्तुलाच्या काडतुसाची सुमारे १७ मिलिमीटर लांब असते. नळीवरील खूण वाचून तेच काडतूस घ्यावे. या भागात पावसाळा दीर्घ असल्याने काडतुसे कोरड्या जागी ठेवावीत. हिरवट डाग पडलेली वापरू नयेत. चाप ओढूनही बार न उडाल्यास नळी सुरक्षित दिशेस धरून अर्धा मिनिट थांबावे.

सीमेचे भान

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर या मुलखातील सोयरीक व बाजारपेठ दोन राज्यांत विभागली गेली. निपाणीहून कोल्हापूरला जाणाऱ्यास कोगनोळी सोडल्यावर कागल लागते. तेथे राज्य बदलते. परवान्यात केवळ कर्नाटकाचे क्षेत्र नमूद असेल तर तेच शस्त्र घेऊन कागलला जाणे हा अटीचा भंग ठरतो. गडहिंग्लजहून संकेश्वरास येणाऱ्यासही हाच नियम लागू आहे. ज्यांना कामानिमित्त नेहमी सीमा ओलांडावी लागते, त्यांनी क्षेत्रवाढीसाठी आपल्या परवाना अधिकाऱ्याकडे आधी अर्ज करावा. निवडणूककाळात शस्त्र जमा करण्याचा आदेश मिळाल्यास तो पाळावा. दोन्ही राज्यांच्या निवडणुका एकाच वेळी होत नाहीत. कर्नाटकात विधानसभेची निवडणूक मे २०२३ मध्ये, तर महाराष्ट्रात नोव्हेंबर २०२४ मध्ये झाली.

घर आणि गाव

घरी शस्त्र रिकामे करून कुलपात ठेवावे व काडतुसे वेगळ्या कुलपात असावीत. उशीखाली ठेवलेले भरलेले रिव्हॉल्व्हर चोराच्या आधी मुलाच्या हाती लागण्याचा संभव असतो. शिक्षकांनी ही गोष्ट पालकसभेत आवर्जून सांगावी. वरातीत हवेत गोळी झाडून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने आत्मसंरक्षणाचा अधिकार मान्य केला आहे. मात्र बचावासाठी आवश्यक त्याहून अधिक इजा करण्याची मुभा दिलेली नाही. रक्कम बँकेमार्फत पाठविणे, सोबतीने प्रवास करणे आणि पोलीस ठाण्याशी संपर्क ठेवणे हे उपाय प्रथम योजावेत. त्यांनी भागत नसेल तरच शस्त्राचा विचार करावा, आणि घेतल्यास नियमित सराव व परवान्यातील प्रत्येक अटीचे पालन हे आपले कर्तव्य मानावे.