पानाचे पिवळे पडणे

बाजारातून आणलेली मेथीची जुडी दोन-तीन दिवस तशीच राहिली तर तिची पाने पिवळी पडू लागतात. पाणी शिंपडल्याने ती टवटवीत दिसतात खरी. परंतु पिवळेपणा थांबत नाही. पान वाळते म्हणून पिवळे पडते, ही सामान्य समजूत अपुरी आहे. देठ पाण्यात बुडवून अंधारात ठेवलेले पानही काही दिवसांत पिवळे होते. तेव्हा या बदलाचे कारण पानाच्या आतील रासायनिक व्यवहारात शोधावयास हवे.

गहू, भात यांसारख्या पिकांच्या पानांतील बहुतेक नायट्रोजन हरितकणूंमध्ये साठलेला असतो. हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड पकडणारे रुबिस्को हे एकटे प्रथिनच पानांतील विद्राव्य प्रथिनांपैकी निम्म्याच्या जवळपास भरते. पानाला वार्धक्य येऊ लागले की एंझाइमे ही प्रथिने मोडतात. त्यांतून निघालेली ॲमिनो आम्ले देठावाटे कोवळ्या पानांकडे व भरणाऱ्या दाण्यांकडे जातात. हरितद्रव्यही मोडते आणि त्याच्याआड झाकलेली पिवळी रंगद्रव्ये दिसू लागतात. पिवळे पडणे ही केवळ नासाडी नव्हे. मुक्काम हलविण्यापूर्वी चीजवस्तू पुढे धाडावी, तसाच हा प्रकार आहे. मात्र तोडलेल्या पानाला ती धाडावयास ठिकाणच नसते.

हा व्यवहार कोणाच्या हुकमतीखाली चालतो? इंग्लंडमधील जीवरसायनशास्त्रज्ञ चिब्नल यांनी तोडलेल्या पानांतील प्रथिनांचा अभ्यास करताना एक महत्त्वाची गोष्ट नोंदली. पानाच्या देठाला मुळे फुटली की प्रथिनांचा ऱ्हास थांबतो व पान हिरवे राहते. मुळांकडून पानाला पाणी व क्षार यांखेरीज आणखी काही तरी मिळत असावे, असा तर्क त्यांनी केला. तो पुढे खरा ठरला.

१९५५ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात स्कूग, मिलर व त्यांचे सहकारी तंबाखूच्या खोडातील पेशींचे विभाजन घडवून आणणाऱ्या द्रव्याचा शोध घेत होते. ते त्यांना सापडले हेरिंग माशाच्या शुक्रपेशींतील डीएनएच्या जुन्या नमुन्यात! वनस्पतींचे कोडे माशाने सोडवावे, हा योगायोग विलक्षणच म्हटला पाहिजे. या द्रव्याला कायनेटिन हे नाव मिळाले. दोनच वर्षांनी, १९५७ मध्ये, रिचमंड व लँग यांनी शंकेश्वराच्या वर्गातील एका वनस्पतीची तोडलेली पाने कायनेटिनच्या द्रावणात ठेवून पाहिली. त्यांतील प्रथिने व हरितद्रव्य साध्या पाण्यातील पानांपेक्षा अधिक काळ टिकले. कायनेटिन प्रयोगशाळेतले खरे, पण त्याचे नैसर्गिक भाऊबंद लवकरच मिळाले. १९६० नंतरच्या काही वर्षांत लेथम यांनी मक्याच्या कोवळ्या दाण्यांतून झिएटिन वेगळे काढले. या वर्गातील द्रव्यांना सायटोकायनिने म्हणतात, आणि मुळांमध्ये त्यांची निर्मिती होते. चिब्नल यांच्या तर्काचा उलगडा येथे होतो.

जर्मनीतील हाले येथे मोठेस यांनी केलेले प्रयोग याहून बोलके आहेत. तंबाखूच्या पानाच्या एका भागास कायनेटिन लावले असता तेवढाच भाग हिरवा राहिला, उरलेला पिवळा पडला. किरणोत्सर्गी ॲमिनो आम्ल पानात अन्यत्र सोडले, तर तेही त्या हिरव्या भागाकडे ओढले गेले. म्हणजे सायटोकायनिन केवळ जुने प्रथिन जपत नाही. पोषकद्रव्ये कोणीकडे वाहावीत, हेही ते ठरविते.

विरुद्ध बाजूसही नियामके आहेत. इथिलीन वायू पानाचे वार्धक्य त्वरेने आणतो. ॲब्सिसिक आम्लाचे प्रमाण पाण्याचा ताण पडताच पानात अनेक पटींनी वाढते. ते प्रथम पर्णरंध्रे मिटवून पाणी वाचविते. ताण लांबला तर पान पिवळे पडण्यास साहाय्य करते.

मग पान हिरवे राखले की पीक वाढले, असे समजावे काय? १९९५ मध्ये गॅन व अमेसिनो यांनी तंबाखूत अशी योजना केली की, वार्धक्य सुरू होताच पान स्वतःच सायटोकायनिन बनवू लागावे. ती पाने दीर्घकाळ हिरवी राहिली व प्रकाशसंश्लेषण करीत राहिली. तंबाखूत हे साधले. परंतु धान्याच्या पिकात हिशेब निराळा असतो.

गव्हाच्या दाण्यातील पिष्ट मुख्यतः पान हिरवे असतानाच्या प्रकाशसंश्लेषणातून येते. प्रथिनांचा मोठा भाग मात्र पान मोडूनच मिळतो. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात वार्धक्य सुरू करणाऱ्या जनुकांचे कार्य गव्हात मंदावण्यात आले. पाने तीन आठवड्यांहून अधिक काळ जास्त हिरवी राहिली. पण दाण्यातील प्रथिने, जस्त व लोह ३० टक्क्यांहून अधिक घटले. उलट, मार्चमधील अवेळी उष्म्याने पाने लवकर पिकली तर पिष्ट भरावयास अवधीच उरत नाही व दाणा चिरमटतो. त्याच संशोधनात असेही आढळले की, रानटी एमर गव्हात यांपैकी एक जनुक कार्यक्षम असून, लागवडीतील बहुतेक वाणांत ते निकामी झालेले आहे. हे रानटी जनुक संकराने लागवडीच्या गव्हात आणले, तर पान काही दिवस आधी पिकते आणि एरवी काडात अडकून राहणारा नायट्रोजन दाण्यात उतरतो.