परभृत मासा

वैशाखाच्या झळा लागू लागल्या की झाशीच्या किल्ल्याभोवतालच्या कडुनिंबांवर कोकिळाचा आवाज दिवसभर घुमत राहतो. त्याच झाडांवर कावळ्यांची घरटी असतात, हा योगायोग नव्हे. काळा नर कोकीळ ओरडत घरट्याजवळ येतो, कावळे त्याच्या पाठीस लागतात, आणि तेवढ्या अवधीत अंगावर ठिपके असलेली मादी आपले अंडे त्या घरट्यात घालून निघून जाते, असे निरीक्षकांनी नोंदविले आहे. पुढचे सारे कष्ट कावळ्यांचे. आपल्या पूर्वजांना हे चांगले ठाऊक होते. संस्कृतात कोकिळाला ‘परभृत’, म्हणजे दुसऱ्याने पोसलेला, असे नाव आहे आणि कावळ्याला ‘परभृत्’, म्हणजे दुसऱ्याला पोसणारा. ‘शाकुंतला’च्या पाचव्या अंकात दुष्यंत याच गोष्टीचा दाखला शकुंतलेला हिणवण्यासाठी देतो. पक्ष्याची रीत निरपराध स्त्रीच्या माथी मारणारा हा युक्तिवाद राजाला शोभणारा नाही; पण निरीक्षण म्हणून ते खरे आहे.

आपली पिल्ले दुसऱ्याकडून वाढवून घेण्याच्या या पद्धतीला संगोपन-परजीविता म्हणता येईल. ती पक्ष्यांत आणि कीटकांत आढळते, हे जुने ज्ञान होय. माशांमध्ये मात्र ती असेल अशी कोणाची फारशी अपेक्षा नव्हती. बहुतेक मासे अंडी पाण्यात सोडून देतात आणि त्यांच्याकडे पुन्हा वळूनही पाहत नाहीत. जेथे संगोपनच नाही तेथे त्याची चोरी कशी व्हावी?

परंतु काही मासे संगोपन करतात, आणि तेही आपल्या तोंडात. कोकणच्या किनाऱ्यावर मिळणारा शिंगाळा हा त्यांपैकीच एक. त्याची अंडी चांगली गोटीएवढी असतात. नर ती तोंडात धरून ठेवतो आणि तेवढे दिवस उपाशी राहतो. चिलापी या नावाने बाजारात येणारा आफ्रिकी मासा भारतात 1952 साली आणला गेला. त्याची मादीही अंडी तोंडात उबवते. चिलापी ज्या कुलातील आहे त्या सिक्लिड कुलातील माशांनी पूर्व आफ्रिकेतील मोठी सरोवरे भरून टाकली आहेत. एकट्या टांगानिका सरोवरात त्यांच्या 200 हून अधिक जाती राहतात.

याच सरोवरात अंगावर काळे ठिपके असलेला एक लहान मार्जारमीन, म्हणजे मिशा असलेला मासा, राहतो. त्याचे शास्त्रीय नाव सिनोडॉन्टिस मल्टिपंक्टेटस. त्याचे वर्णन 1898 सालीच झाले होते. पण तो पिल्ले कोठे वाढवतो हे पुढील जवळजवळ नव्वद वर्षे नीट उमगले नव्हते. पाश्चात्य देशांतील काही हौशी मत्स्यपालकांना आपल्या काचेच्या टाकीतील सिक्लिड मादीच्या तोंडातून मिशा असलेली पिल्ले बाहेर पडताना दिसली, तेव्हा त्यांना प्रथम आपल्या डोळ्यांवर विश्वास बसला नसावा. 1986 साली तेत्सु सातो या जपानी संशोधकाने प्रत्यक्ष सरोवरातील माशांच्या तोंडांची तपासणी करून या प्रकाराची शास्त्रीय नोंद ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली.

फसवणूक घडते ती अंडी घालण्याच्या क्षणी. सिक्लिड जोडपे तळाशी गोल फिरत असते. मादी काही अंडी घालते, वळते आणि लगेच ती तोंडात उचलते. पुष्कळ जातींत नराच्या मागच्या परावर अंड्यांसारखे दिसणारे पिवळे ठिपके असतात. मादी तेही उचलू पाहते आणि त्या प्रयत्नात नराचे शुक्र तिच्या तोंडात जाऊन अंडी फलित होतात. या गडबडीत मार्जारमीन मध्ये घुसतात. ते सिक्लिडची काही अंडी गिळतात आणि स्वतःची तेथे विखरून टाकतात. त्यांची अंडी यजमानाच्या अंड्यांहून लहान असतात. तरी धांदलीत सापडलेली मादी पुढे दिसेल ते अंडे घाईघाईने तोंडात घेते. अंडी पाण्यात उघडी राहिली तर ती खाल्ली जातील, म्हणून तिला उतावीळ व्हावेच लागते. मार्जारमीन तिच्या निष्काळजीपणाचा नव्हे, तर तिच्या दक्षतेचा फायदा घेतो.

मार्जारमिनाची अंडी आधी फुटतात. स्वतःजवळचा पीतक संपला की ही पिल्ले त्याच तोंडातील सिक्लिडची पिल्ले खाऊ लागतात. कोकिळाचे पिल्लू पुष्कळदा कावळ्याच्या पिल्लांबरोबरच वाढते. येथे मात्र यजमानाचा सारा वंश त्या घासापुरता संपू शकतो. मादी जवळजवळ काही न खाता ते तोंड मिटून बसलेली असते. ती ज्यांना अखेर बाहेर सोडते त्यांचेही ती आपली म्हणून रक्षण करते.

सरोवरात अशी फसगत तुलनेने थोड्याच माद्यांची होते. टाकीत ती कितीतरी अधिक होते. याचे एक कारण जागेची अडचण हे आहेच. दुसरे कारण 2018 साली चेक संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून पुढे आले. टांगानिकातील सिक्लिड, ज्यांचा या चोराशी पिढ्यान्‌पिढ्यांचा परिचय आहे, परकी अंडी पुष्कळ वेळा तोंडातून टाकून देतात. मात्र त्या भरात त्यांची स्वतःची काही अंडीही जातात. इतर सरोवरांतील सिक्लिडना हा चोर कधी भेटलेलाच नसतो, आणि ते सहज फसतात. मत्स्यपालक सामान्यतः मलावी सरोवरातील सिक्लिड बाळगतात. म्हणजे निसर्गात कधीच न झालेली भेट टाकीत माणूस घडवून आणतो. गंमत अशी की मलावीमध्ये काही सिक्लिड उलट आपलीच पिल्ले एका मोठ्या मार्जारमिनाच्या पिलावळीत सोडतात आणि त्याच्याकडून राखण करवून घेतात.

झाशीसारख्या शहरात ही जोडी पाळणाऱ्याने दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली उष्म्याची. टांगानिकाचे पाणी साधारण 25 ते 27 अंश सेल्सिअस असते आणि झाशीत उन्हाळ्यात हवेचे तापमान 45 अंशांच्या वर जाते. तेव्हा टाकी खिडकीपासून दूर ठेवून पाण्यावर पंख्याचा वारा सोडावा लागतो. दुसरी गोष्ट मादीची. तिचा गळा फुगलेला दिसला आणि तिने खाणे सोडले की पहिल्या काही दिवसांतच अनुभवी पालक तिला ओल्या हातांनी धरून, जबडा हळूच उघडून, आतला ऐवज पाण्याच्या भांड्यात काढून घेतात. त्या वेळी दोन्ही प्रकारची पिल्ले जिवंत सापडतात; मिशा असलेली निराळी काढली तर दोन्ही वाढतात. उशीर झाला तर भांड्यात एकाच प्रकारची पिल्ले उतरतात, आणि त्यांची पोटे भरलेली असतात.

नको झालेले मासे नाल्यात किंवा तळ्यात सोडण्याची सवय मात्र वाईट. झाशीजवळून वाहणारी बेतवा हमीरपूरजवळ यमुनेला मिळते, आणि प्रयागराजजवळ गंगा-यमुनेत चिलापीने देशी माशांच्या जोडीने आपली जागा आधीच पटकावली आहे.