घरातील वाय-फाय : निरीक्षणाचा एक पाठ

अलीकडे खेड्यांतील पुष्कळ शिक्षकांच्या घरी इंटरनेटची जोडणी आली आहे. परंतु ओसरीवर उत्तम चालणारे वाय-फाय माजघरात पोचत नाही, अशी तक्रार वारंवार ऐकू येते आणि नवा राउटर घेण्याची घाई होते. वस्तुतः दोष पुष्कळदा यंत्राचा नसून जागेचा असतो. खर्च करण्यापूर्वी तो मोजून पाहावा. वरच्या वर्गांसाठी हा विज्ञानाचा चांगला पाठही होऊ शकेल.

तत्त्व : राउटरमधून रेडिओलहरी निघतात. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्यास अशा लहरी भिंतींच्या आरपार पाठवून पलीकडील घंटा वाजवून दाखविली होती. तथापि, प्रत्येक भिंत लहरींचे बळ थोडेबहुत शोषून घेते. जाड दगडी भिंत व पाण्याची टाकी अधिक शोषतात. पत्रा आणि लोखंडी कपाट त्यांना परतवून लावतात. मोकळ्या जागीदेखील अंतर दुप्पट झाले की तीव्रता चौथ्या हिश्श्यावर येते. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी दूरवर पोचतात. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वेग अधिक देतात, परंतु भिंतीआड लवकर क्षीण होतात.

कृती :

१. प्रथम राउटरजवळ, शक्य तर तारेने जोडून, वेग मोजावा. तेथेच तो ठरलेल्या वेगाहून पुष्कळ कमी असल्यास दोष बाहेरील जोडणीत असण्याचा संभव अधिक. तसे जोडणी देणाऱ्यास कळवावे.

२. घराचा नकाशा काढून प्रत्येक खोलीतील वेग त्यात लिहावा.

३. राउटर कोनाड्यातून वा कपाटामागून काढून घराच्या मध्यभागी, उंचावर व मोकळा ठेवावा आणि पुन्हा मोजावे. एका वेळी एकच बदल करावा. अन्यथा कोणत्या उपायाने गुण आला हे समजत नाही.

४. तरीही एखादी खोली वंचित राहिल्यास रिपीटर त्या खोलीत न ठेवता वाटेत, जेथे लहरी अद्याप सबळ आहेत तेथे ठेवावा. जे त्याला मिळते तेच तो पुढे देतो. तार ओढून दुसरा राउटर जोडणे अधिक खात्रीचे.

गणित : ८ बिट म्हणजे १ बाइट. सेकंदाला ४० मेगाबिट वेग असता ५ मेगाबाइट मजकूर येतो. म्हणून १५० मेगाबाइटचा चित्रपाठ ३० सेकंदांत उतरेल. वेग ८ मेगाबिट असेल तर किती वेळ लागेल, हे मुलांना काढावयास सांगावे. (उत्तर : १५० सेकंद.)

सूचना : सर्व मुलांच्या घरी ही सोय नसते. 'घरी मोजून आणा' असे सांगितल्यास काही मुले वर्गात खाली मान घालून बसतील. यास्तव प्रयोग शाळेतच करावा. जोडणी नसल्यास शिक्षकाच्या मोबाइलचा हॉटस्पॉट पुरेसा होतो. मोजण्याचे काम गटागटाने वाटून द्यावे, म्हणजे प्रत्येक मुलाच्या हाताने निदान एक तरी आकडा नकाशावर लिहिला जाईल.