नांदूर मध्यमेश्वर : पक्षिनिरीक्षणाचा एक पाठ

लासलगावचे नाव कांद्याच्या बाजारपेठेमुळे देशभर परिचित आहे. त्याच निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमानजीक, मध्य आशियातून येणाऱ्या पाहुण्यांचाही एक बाजार दर हिवाळ्यात भरतो, हे मात्र परिसरातील अनेक शाळांच्या सहलींना अद्याप ठाऊक नसावे. सहल म्हटली की देवस्थान किंवा धरण, ही आपली रीतच पडून गेली आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी येथे कालव्यांसाठी दगडी बंधारा बांधण्यात आला. उद्देश केवळ सिंचनाचा होता. परंतु दरसाल पुराबरोबर आलेला गाळ बंधाऱ्यामागे साचत गेला, उथळ पाणी व बेटे निर्माण झाली आणि त्यांवर पाणवनस्पती माजल्या. पक्ष्यांना हवी असलेली भूमी अशी अनायासे तयार झाली. १९८६ मध्ये या क्षेत्रास अभयारण्याचा दर्जा मिळाला. २०१९ मध्ये रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून त्याची नोंद झाली. हा मान मिळविणारे ते महाराष्ट्रातील पहिले स्थळ होय. पक्ष्यांच्या अडीचशेहून अधिक जाती येथे आढळल्या आहेत.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना नावांची यादी पाठ करावयास लावू नये. त्याऐवजी कोणता पक्षी किती खोल पाण्यात उभा आहे, एवढेच प्रथम पाहावयास सांगावे. काठाच्या चिखलात धोबी शेपटी हलवीत किडे टिपतो. थोडे पुढे, लांब गुलाबी पायांचा शेकाट्या. त्याही पलीकडे चमचा आपली चपटी चोच पाण्यात डावी-उजवीकडे फिरवीत चालतो. तलवार बदक डोके बुडवून शेपटी आकाशाकडे करते व तळाचे खाद्य शोधते. मान जेथवर पोचेल तेथवरच त्याचे ताट. बुडी मारणारा वारकरी खोल पाण्यातही पोट भरतो. काळे अंग आणि कपाळावर पांढरा टिळा असलेल्या या पक्ष्याला ज्याने हे नाव दिले, त्याच्या दृष्टीला दाद द्यावी. तरंगत्या पानांवरून चालणाऱ्या कमळपक्ष्याची लांबच लांब बोटे दिसली की भार विभागण्याचा विज्ञानातील धडा वेगळा शिकवावा लागत नाही.

गट लहान असावा, कपडे मातकट रंगाचे असावेत आणि सूर्य पाठीशी राहील अशी जागा निवडावी. थवा मोजताना प्रथम दहा पक्षी नेमके मोजावेत. त्या दहांनी व्यापलेल्या जागेच्या मानाने उरलेल्या थव्याचा अंदाज करावा. आशियाई पाणपक्षी गणना दर जानेवारीत होते, तीतही हीच पद्धत उपयोगी पडते. अकस्मात सारा थवा उठला, तर दलदली भोवत्या कोठे फिरतो आहे ते पाहावे. तो दिसला नाही, तर आपलाच गट फार जवळ गेला आहे असे समजून मागे सरावे. हिमालय ओलांडून आलेल्या पट्टकादंबास आपल्या छायाचित्रासाठी पुन्हा उडविणे हे अतिथ्यास शोभत नाही.

पंचायत सदस्यांच्या दृष्टीने येथला प्रश्न अधिक अवघड आहे. ज्या गाळाने पक्ष्यांना आश्रय दिला, त्याच गाळाने जलाशयाची साठवणक्षमता घटविली. ऑगस्ट २०१९ मध्ये वरच्या अंगाच्या सायखेडा व चांदोरी या गावांत गोदावरीचे पाणी शिरले. घर बुडालेल्या माणसाला बदकांचे महत्त्व सांगणे सोपे नाही आणि त्याची गाळ काढण्याची मागणी उडवून लावणेही न्याय्य नाही. तथापि, संपूर्ण तळ सारखाच खोल खणला गेला तर तलवार बदकाची मान तळाशी पोचणार नाही व शेकाट्यास उभे राहावयास जागा उरणार नाही. गाळ कोठून काढावा आणि कोणता उथळ भाग राखावा, हे ठरविताना पाटबंधारे व वन खात्यांबरोबर काठच्या गावांनीही बसावयास हवे. त्या बैठकीत कोणत्या भागात कोणते पक्षी, कोणत्या महिन्यात व किती, याच्या शाळेने ठेवलेल्या चार-पाच हिवाळ्यांच्या नोंदी पुढे आल्या, तर चर्चेला निश्चित आधार मिळेल. त्यासाठी एक दुर्बीण, एक वही आणि दरवर्षी त्याच ठिकाणी, त्याच सुमारास जाण्याचा नेम एवढे पुरते.