गोव्याची फेणी आणि आपला पक्व ऊस



मथळा वाचून आपल्यातले माळकरी सभासद दचकतील. दारूची भलामण करावी असा आमचा हेतू नाही. पण साखरधंद्यात मळी आली की मद्यार्क आलाच, त्याचं आपल्याला नवल नाही. एके काळी हलकी मानलेली एक गावठी वस्तू आपल्या शेजारच्या गोव्यात मानाला कशी चढली, आणि त्यातलं ऊसवाल्याने काय उचलावं, एवढंच आम्हाला सांगायचं आहे.

काजू मूळचा ब्राझीलचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो आपल्या किनाऱ्यावर आणला. नारळाच्या ताडीची फेणी गोव्यात त्याआधीपासून होती. काजूची मागून आली आणि पुढे निघून गेली. बाटली हलवली की वर फेस येतो, त्या फेणावरून फेणी हे नाव पडलं असं सांगतात.

काजूची बी सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्यावरचं रसाळ फळ म्हणजे बोंडू. हंगाम साधारण मार्च ते मे. फेणीसाठी बोंडू झाडावरून तोडायचा नाही, पिकून आपोआप खाली पडलेलाच वेचायचा, हा तिथला जुना रिवाज. वेचणारी बाई रोज झाडाखाली जाते, बी पिळून वेगळी करते आणि बोंडू टोपलीत टाकते. कच्चा बोंडू तुरट, त्यात साखर कमी. त्यावर कितीही कष्ट करा, माल हलकाच निघणार. पडलेला बोंडू चोवीस तास तसाच राहिला तर उन्हात आंबतो, नासतो. म्हणून वेचणी झाली की लगेच गाळप. पूर्वी कातळात कोरलेल्या दगडी कुंडीत पायाने तुडवत, आता बऱ्याच ठिकाणी यंत्र आलं आहे. तुडवलेल्या चोथ्याचा गोळा बांधून त्यावर वजन ठेवलं की जो रस ठिबकतो तो नीरो; तो ताजाच पितात, मुलंबाळंसुद्धा. बाकीचा रस दोन-तीन दिवस आंबवायचा. बाहेरचं यीस्ट घालत नाहीत, फळाबरोबर जे येतं त्यावरच काम होतं. मग तांब्याच्या भांड्यात भट्टीवर चढवायचा. पहिल्या धारेचा तो उर्राक, सौम्य, आणि हंगामापुरताच. उर्राक पुन्हा आंबलेल्या रसात मिसळून उकळला की फेणी. ताकद साधारण 42 ते 45 टक्के.

एवढी मेहनत असूनही कायद्याच्या पुस्तकात ती कित्येक वर्षं नुसती ‘देशी दारू’ होती. परराज्यात विकायची पंचाईत, मोठ्या हॉटेलात तिला जागा नाही. वर स्वस्त स्पिरिट मिसळून फेणी म्हणून खपवल्याच्या तक्रारी. हे स्पिरिट बहुधा मळीचं, म्हणजे आपल्याच धंद्यातलं! 2009 साली काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं, गोव्यातलं ते पहिलंच. त्यामुळे गोव्याबाहेर काढलेल्या दारूला फेणी म्हणता येत नाही. 2016 साली गोवा सरकारने अबकारी कायदा दुरुस्त करून तिला वारशाचं पेय ठरवलं आणि देशी दारूच्या रांगेतून बाहेर काढलं.

इटलीतही असंच घडलं. तिथल्या पिमाँत प्रांतात तोर्तोना गावच्या टेकड्यांवर तिमोरासो नावाची जुनी पांढरी द्राक्षं होती. उत्पन्न बेभरवशाचं, म्हणून शेतकऱ्यांनी ती काढून भरघोस येणारा वाण लावला. तिमोरासो जवळजवळ संपला होता. वाल्टर मास्सा नावाच्या बागायतदाराने 1987 पासून त्याचीच वाइन निगुतीनं करायला घेतली, आणि आज बाहेरचे नामांकित वाइनवाले त्या टेकड्यांवर जमिनी घेतात. टनेजच्या मागे लागणाऱ्यांनी हे नीट वाचावं.

नाहीतर सिंधुदुर्गात पाहा. झाड तेच, बोंडू तोच, पण बी काढून घेतली की तो बहुतांशी बागेतच कुजतो.

आपल्या जिल्ह्यात मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली असं मानांकन मिळालं. केमचं कुंकू तर गावाच्या नावानंच विकलं जातं. उसाचं तसं नाही. साखरेच्या पोत्यावर कारखान्याचं नाव असतं, तुमच्या शिवाराचं नसतं. चांगला ऊस आणि कोवळा ऊस एकाच गव्हाणीत पडतो. पण म्हणून गुण लपतो असं समजू नका. एफआरपी ठरते ती कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर. 10.25 टक्के हा पाया; त्याच्या वर जितका उतारा, तितका दर चढतो. म्हणजे एकाने दहा महिन्यांचा कोवळा ऊस घाईनं तोडून घातला, तर त्याचा तोटा त्याच्या एकट्याच्या खात्यावर पडत नाही, सगळ्यांच्या बिलात वाटला जातो. केमसारख्या पाण्याच्या ओढीच्या भागात लवकर तोडीची घाई का होते हे आम्ही जाणतो. विहीर आटली की माणूस काय करणार? तरीही आधी पक्वता पाहा, मग टोळी बोलवा.

पक्वता ओळखणं अवघड नाही. बुडख्याकडच्या आणि शेंड्याकडच्या कांड्यांचा रस वेगवेगळा काढून रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स पाहावा. दोन्ही आकडे जवळ आले की ऊस तयार. शेंडा फार मागे असेल तर थांबावं. तोडल्यावर ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडला पाहिजे. फडात मोळ्या वाळत पडल्या की वजन घटतं आणि रसातली साखर मोडते. जळिताचा ऊस त्याहून लवकर बिघडतो, म्हणून तोडणी सोपी जावी यासाठी फड पेटवू नये. पाचट आणि कोवळे वाढे मोळीत येऊ देऊ नयेत.

नोंदीच्या तारखेप्रमाणे तोडीची पाळी येण्याआधी पंधरा दिवस आपल्या गटाच्या शेतकी मदतनिसाकडे निरोप द्यावा. तो रिफ्रॅक्टोमीटर घेऊन फडात येईल. त्या वेळी मालकाने स्वतः हजर राहून आकडे डोळ्यांनी पाहावेत, गड्यावर सोपवू नये.