मूळ गाव : एका निर्वासित कुटुंबाच्या चार पिढ्या

शाळेत प्रवेश घेताना भरावयाच्या अर्जात 'मूळ गाव' असा एक रकाना असतो. आपल्यापैकी बहुतेकांनी तो क्षणभरही न थांबता भरला असेल. वसतिगृहात राहून शिकणाऱ्या मुलाला तर गाव या शब्दाचा अर्थ विशेष कळतो. दिवाळीची सुट्टी जवळ येऊ लागली की त्याची ट्रंक कितीतरी दिवस आधीच भरलेली असते. परंतु अरुणाचल प्रदेशाच्या चांगलांग जिल्ह्यात, दियूनच्या परिसरात अशी अनेक कुटुंबे राहतात, ज्यांना या रकान्यापाशी थांबावे लागते. त्यांचे मूळ गाव एका सरोवराच्या तळाशी आहे. ते सरोवर दुसऱ्या देशात आहे. आणि ज्या देशात ती आज राहतात, त्या देशाने त्यांच्यापैकी अनेकांना साठ वर्षे उलटली तरी नागरिकत्वाचा कागद हाती दिलेला नाही. ही कुटुंबे चकमा समाजाची आहेत, आणि चकमा समाज हा परंपरेने बौद्ध समाज आहे.

अशाच एका कुटुंबाच्या चार पिढ्यांचा अभ्यास आम्ही येथे मांडत आहोत. हे कुटुंब अमुक एका घरचे नव्हे. समजण्याच्या सोयीसाठी आम्ही ते डोळ्यांसमोर उभे केले आहे. मात्र त्याच्या आयुष्यातील प्रत्येक वळण इतिहासात घडलेले आहे. माणूस मायभूमी सोडतो, पण मायभूमीतील युद्धे आणि उलथापालथी त्याला सोडत नाहीत, हा या अभ्यासाचा विषय होय.

पणजोबा : सहा दिवसांचा झेंडा

आजच्या बांगलादेशाच्या आग्नेय कोपऱ्यात चितगाव डोंगरी प्रदेश आहे. रांगामाटी, खाग्राछडी आणि बांदरबन हे त्याचे तीन जिल्हे. चकमा, मारमा, त्रिपुरा, म्रो अशा अनेक जमाती तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आल्या. डोंगरउतारावर झूम शेती, कर्णफुली नदीच्या खोऱ्यात नांगरटीची भातशेती, आणि गावागावांत विहार, असे तेथील जीवन होते. चकमांची स्वतःची भाषा आहे व तिची स्वतंत्र लिपीही आहे.

१९४७ साली या प्रदेशातील सुमारे ९७ टक्के लोक मुस्लिमेतर होते. त्यामुळे आपण भारतात जाणार, याविषयी तेथील लोकांना शंका नव्हती. १५ ऑगस्ट रोजी स्नेहकुमार चकमा यांच्या पुढाकाराने रांगामाटीत तिरंगा फडकविण्यात आला. आमच्या डोळ्यांसमोरील कुटुंबाचे पणजोबा त्या गर्दीत उभे असतील. दोनच दिवसांनी रॅडक्लिफ यांचा निवाडा जाहीर झाला आणि हा प्रदेश पाकिस्तानच्या वाट्याला गेला. २१ ऑगस्टला पाकिस्तानी सैन्याने रांगामाटीत येऊन तो झेंडा उतरविला. स्नेहकुमारांना देश सोडावा लागला. त्यांचे पुढील आयुष्य त्रिपुरात गेले.

ही रेषा आपल्याला वाटते तितकी परकी नाही. १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर संविधान सभेवर प्रथम निवडून गेले ते बंगालमधून. बंगालच्या फाळणीने त्यांचे ते सदस्यत्व संपुष्टात आले आणि पुढे मुंबई प्रांतातून त्यांची पुन्हा निवड झाली. ज्या फाळणीने त्यांना नवा मतदारसंघ शोधावा लागला, त्याच फाळणीने पणजोबांना नको असलेला देश दिला.

आजोबा : पाण्याखाली गेलेले घर

पाकिस्तान सरकारने १९५७ च्या सुमारास कर्णफुलीवर काप्ताई येथे जलविद्युत धरण बांधावयास घेतले. १९६२ पर्यंत ते पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाने सुमारे ५४ हजार एकर पिकाऊ जमीन गिळली. डोंगरी प्रदेशातील नांगरटीखालच्या जमिनीचा हा जवळजवळ ४० टक्के भाग होता. सुमारे एक लाख माणसे विस्थापित झाली. रांगामाटीचे जुने गाव आणि चकमा राजाचा वाडाही पाण्याखाली गेला.

कोयनेच्या पाण्यात ज्यांची गावे गेली, त्यांना या वाक्यांचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. फरक इतकाच की, आपल्या धरणग्रस्ताने जमिनीसाठी सरकारशी भांडावयाचे ठरविले तर निदान ते सरकार त्याला आपला नागरिक मानते. येथे पुनर्वसन अपुरे होते, आणि दाद मागावी असा विश्वास वाटणारे दारही नव्हते. १९६४ च्या सुमारास सुमारे ४० हजार चकमा सीमा ओलांडून भारतात आले. त्या स्थलांतराला चकमा भाषेत 'बर पोरोंग', म्हणजे महाप्रस्थान असे म्हणतात.

त्या वेळी आमच्या कुटुंबातील आजोबा ऐन तारुण्यात होते. भारतात आलेल्यांपैकी सुमारे १५ हजार चकमा व हाजोंग लोकांना सरकारने त्या वेळच्या 'नेफा'त, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशात वसविले. १९६२ चे चीनशी झालेले युद्ध नुकतेच होऊन गेले होते आणि हा सीमाभाग विरळ वस्तीचा होता. आजोबांनी जंगल तोडून भातखाचरे केली. एप्रिलच्या मध्यावर बिजू सण आला की पाण्यात फुले सोडावयाची असतात. पूर्वी ती कर्णफुलीत सोडली जात. आता नोआ-दिहिंगच्या पाण्यात सोडली जाऊ लागली. आजोबांना वाटले, आपली वाट येथे संपली.

मागे राहिलेला भाऊ : युद्ध आणि तह

परंतु सगळे घर एकाच वेळी निघत नाही. कोणाला म्हातारे आईवडील सोडवत नाहीत, कोणाची जमीन वर राहिलेली असते. आजोबांचे धाकटे भाऊ खाग्राछडीकडे नातलगांच्या आधाराने राहिले, असे आपण समजू. यानंतर दियूनच्या घराला मायदेशाची प्रत्येक घटना या भावाच्या रूपाने भेटू लागली.

१९७१ साली बांगलादेशाचा मुक्तिसंग्राम झाला. चकमांचे राजे त्रिदिव रॉय यांनी पाकिस्तानची बाजू घेतली व ते पाकिस्तानातच राहिले. अनेक पहाडी तरुण मुक्तिसंग्रामाच्या बाजूने असतानाही सर्व समाजावर संशयाची छाया पडली. नवा देश बंगाली भाषेच्या अभिमानातून जन्मला होता. त्याच्या १९७२ च्या संविधानाने सर्व नागरिकांना 'बंगाली' ठरविले, तेव्हा मानवेंद्र नारायण लारमा यांनी सभागृहात त्याला विरोध केला. आम्ही बांगलादेशचे नागरिक आहोत, परंतु बंगाली नाही, असा त्यांचा आशय होता. स्वायत्ततेची मागणी मान्य झाली नाही. त्यांनी स्थापन केलेल्या जनसंहती समितीची सशस्त्र शाखा 'शांतिवाहिनी' उभी राहिली आणि दोन दशकांहून अधिक काळ चाललेला संघर्ष सुरू झाला. १९७९ नंतर सरकारने मैदानी भागातील लक्षावधी लोकांना डोंगरात आणून वसविले. जमीन हाच तंट्याचा गाभा झाला. १९८३ साली लारमा स्वतः पक्षांतर्गत फुटीत मारले गेले.

१९८६ साली खाग्राछडी भागात मोठा हिंसाचार झाला आणि हजारो पहाडी कुटुंबे त्रिपुरात पळून आली. धाकटे भाऊही आले. एकाच आईची दोन मुले, एक १९६४ चे निर्वासित आणि दुसरे १९८६ चे. एकाला धरणाने घालविले, दुसऱ्याला बंदुकीने. २ डिसेंबर १९९७ रोजी ढाक्यात शांतता करार झाला आणि त्रिपुरातील छावण्यांतून सुमारे ६४ हजार लोक परत गेले. धाकटे भाऊ परतले, पण जमिनीचे तंटे सोडविण्यासाठी नेमलेल्या आयोगाचे काम पुढे फारसे सरकले नाही. घरी परतणे आणि घर परत मिळणे यांतील अंतर त्या पिढीने प्रत्यक्ष मोजले.

वडील : 'व्यक्ती' आणि 'नागरिक'

कुटुंबातील वडिलांचा जन्म १९६९ च्या सुमारास दियूनला झाला. त्यांनी चितगावचे डोंगर पाहिलेले नाहीत. तरीही 'निर्वासित' हा शब्द त्यांना वारशाने मिळाला. अरुणाचलातील स्थानिक जमातींना बाहेरच्यांच्या वस्तीमुळे आपली जमीन, भाषा व संख्या धोक्यात येईल अशी भीती वाटत होती. ही भीती द्वेषातूनच आली, असे म्हणून आपण ती बाजूला सारू नये. त्या जमातीही संख्येने लहान आहेत, त्यांच्याही जमिनीला कायद्याचे विशेष संरक्षण आहे, आणि चकमांना तेथे वसविताना त्यांचे मत विचारात घेतले गेले नाही, हे त्यांचे गाऱ्हाणे आहे. स्वतःच्या डोंगरात बाहेरची वस्ती आणली गेल्याचे दुःख भोगणाऱ्या चकमांना ही भीती अनोळखी नसावी. परंतु १९९४ साली चकमांनी राज्य सोडावे म्हणून मुदत देण्यात आली, तेव्हा सीमेपलीकडचा देश त्यांचा उरला नव्हता आणि अलीकडचा झालेला नव्हता.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोग हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात घेऊन गेला. ९ जानेवारी १९९६ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की, राज्यात राहणाऱ्या प्रत्येक चकमाच्या जीविताचे व स्वातंत्र्याचे रक्षण करणे हे राज्याचे कर्तव्य आहे. कोणत्याही गटाला त्यांना धमकावून हुसकावता येणार नाही. या निकालाचा आधार संविधानाचा अनुच्छेद २१ होता. विद्यार्थ्यांनी येथे दोन शब्दांतील भेद नीट लक्षात घ्यावा. भाषणस्वातंत्र्यासारखे अनुच्छेद १९ मधील हक्क 'नागरिकां'ना आहेत. अनुच्छेद २१ मात्र 'व्यक्ती' हा शब्द वापरतो. ज्याच्या हाती कोणत्याच देशाचा कागद नाही, असा मनुष्यही त्या शब्दात मावतो. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताची स्वाक्षरी नाही आणि निर्वासितांसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदाही नाही. म्हणून या एका शब्दाचे मोल फार मोठे आहे. दियूनच्या घराचे छप्पर त्या वर्षी या शब्दाने सावरले.

नागरिकत्वाचा प्रश्न मात्र उरलाच. २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ पूर्वीपर्यंत भारतात जन्मलेला मनुष्य कायद्याने जन्मतःच नागरिक ठरतो. म्हणजे वडील नागरिक आहेत. पण मतदारयादीत नाव येणे ही निराळी गोष्ट. २००४ च्या निवडणुकीत काही चकमांना प्रथमच मत देता आले. सीमा ओलांडून आलेल्या आजोबांना स्वतंत्र अर्ज करणे भाग होते. १७ सप्टेंबर २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पात्र चकमा व हाजोंगांना तीन महिन्यांत नागरिकत्व देण्याचा आदेश दिला. त्यानंतरही अंमलबजावणी रेंगाळली आणि १९६४ साली आलेले अनेकजण अर्जाच्या उत्तराची वाट पाहताच निवर्तले.

मुलगी : बातमी आणि शाळा

चौथ्या पिढीतील मुलगी आज शाळकरी वयाची आहे. तिच्या पणजोबांकडे मायदेशाची बातमी पायी येत असे, आजोबांकडे रेडिओवरून. तिच्याकडे ती मोबाइलवर त्याच घटकेला येते. ऑगस्ट २०२४ मध्ये ढाक्यातील सरकार कोसळले. पुढच्याच महिन्यात खाग्राछडी व रांगामाटीत पहाडी लोकांच्या घरादुकानांना आगी लागल्या, माणसे मारली गेली. त्या वर्षी डोंगरी प्रदेशातील भिक्षुसंघाने सुरक्षिततेच्या कारणास्तव कठिन चीवरदानाचा सोहळा न करण्याचा निर्णय घेतला. रांगामाटीच्या राजवन विहारात या सोहळ्यासाठी स्त्रिया कापसापासून सूत कातून, रंगवून, विणून एका दिवस-रात्रीत चीवर सिद्ध करतात. ते माग त्या वर्षी थांबले, हे मुलीने पडद्यावर वाचले. न पाहिलेल्या गावाचे दुःख तिच्या घरात असे आले.

पण त्याच रांगामाटीत आणखी एक गोष्ट आहे, आणि आपल्यासारख्या निवासी शाळेच्या परिवाराने ती विशेष ध्यानी घ्यावी अशी आहे. १९७४ साली काही बौद्ध भिक्षूंनी तेथे 'मोनोघर' नावाची निवासी संस्था सुरू केली. चकमा भाषेत मोनोघर म्हणजे डोंगरातल्या झूम शेतावरचे घर, पीक सांभाळण्यासाठी बांधलेला आसरा. संघर्षात अनाथ झालेली, दुर्गम पाड्यांतील मुले तेथे आली. चकमा, मारमा, त्रिपुरा, म्रो अशा निरनिराळ्या भाषा बोलणारी मुले एका छताखाली राहिली, शिकली, पुढे गेली. अवतीभवती संघर्ष चालू असतानाही भिक्षूंनी तो बंद होण्याची वाट पाहिली नाही. आधी मुलांच्या जेवणाची, अंथरुणाची आणि पाटी-पुस्तकाची सोय केली.

आपल्या वाचकांसाठी या अभ्यासातून आम्हांला तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली, निर्वासिताकडे पाहताना केवळ 'हा कोठून आला' असे विचारू नये. 'तेथे आज काय चालले आहे' असेही विचारावे, कारण त्याचे मन अजून तेथे जाऊन येत असते. दुसरी, संविधानातील शब्द अर्थासह वाचावेत. 'व्यक्ती' या शब्दाने किती घरे वाचली, हे आपल्या मुलांना ठाऊक असले पाहिजे. तिसरी, पालकांनी मुलांसह घरातील वडीलधाऱ्यांजवळ बसून आपल्या कुटुंबाची हकीकत लिहून ठेवावी : कोणत्या गावातून निघालो, का निघालो, वाटेत कोणी पाणी दिले, कोणी दार लावले. आपल्यापैकी कित्येकांच्या घरातही दुष्काळ, धरण किंवा जातीचा जाच यांनी सोडावयास लावलेले एखादे गाव असते.

पुढच्या वर्षी आपल्या वसतिगृहात एखादे दूरदेशीचे मूल आले आणि 'मूळ गाव' या रकान्यापाशी त्याची लेखणी थांबली, तर शेजारी बसलेल्याने घाई करू नये. त्याला सावकाश सांगू द्यावे. रकाना पुरला नाही तर आम्ही त्याला आणखी एक कागद देऊ.