अडकलेला प्रकल्प: आधी निदान, मग उपचार



डी.एड.ला असताना आम्हाला एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली जायची. मुलाला भागाकार येत नसेल तर त्याला लगेच आणखी वीस भागाकार देऊ नका. तो नेमका कुठे अडतोय ते आधी बघा. पाढा पाठ नाही, की वजाबाकीत उसना घेताना चुकतोय? म्हणजे आधी निदानात्मक चाचणी आणि मग उपचारात्मक अध्यापन.

मोठ्या प्रकल्पांचंही असंच असतं. तुमच्यापैकी बरेच जण कामं पार पाडण्यात मुरलेले आहात. वेळापत्रक कसं करायचं हे मी तुम्हाला काय सांगणार! पण दुसऱ्या कुणाचं तरी बिघडलेलं काम तुमच्या गळ्यात पडलं, तर सुरुवात कुठून करायची? त्यासाठी अमेरिकेतलं एक उदाहरण पाहू.

१ ऑक्टोबर २०१३. नव्या आरोग्य कायद्यानुसार लोकांना घरबसल्या विमा निवडता यावा म्हणून तिथल्या केंद्र सरकारने हेल्थकेअर डॉट गव्ह ही वेबसाइट सुरू केली. ३६ राज्यांतले लोक तिच्यावर अवलंबून होते. पहिल्या दिवशी किती जणांची नोंदणी पूर्ण झाली असेल? सहा! आणि १ जानेवारीपासून विमा लागू व्हायचा तर डिसेंबरमध्येच योजना निवडणं भाग होतं. आधीपासून आजार आहे म्हणून ज्यांना कंपन्या विमा नाकारत होत्या, अशी माणसंही त्या रांगेत होती.

हे अचानक घडलं का? नाही. त्याच वर्षी मार्च-एप्रिलच्या सुमारास मॅकिन्झी या सल्लागार कंपनीने धोके दाखवून दिले होते. मागण्या सतत बदलताहेत, सगळी यंत्रणा एकत्र जोडून तपासायला वेळ कमी आहे आणि अंतिम निर्णय घेणारं एक ठिकाण नाही. साइट सुरू होण्याच्या थोडे दिवस आधी काहीशे लोकांच्या चाचणीतही ती कोलमडली होती. तरी ठरलेल्या तारखेला ती सुरू केलीच.

मला यावर हसता येत नाही. काही वर्षांपूर्वी शाळेच्या स्वच्छतागृहाचा मासिक अहवाल मीच भरायचे. सलग तीन महिने मी ‘काम प्रगतीपथावर’ असं लिहिलं. तसं ते खोटंही नव्हतं, भिंती उभ्या होत्या. पण पाण्याच्या जोडणीचा अर्जच कुणी केला नव्हता. हे मला कळलं ते गवंडीकाकांकडून, तेही सहज विचारलं म्हणून. मुली तोवर शेजारच्या घरी जात होत्या. त्या तीन अहवालांवर माझी सही आहे.

म्हणून बिघडलेलं काम हाती घेतलंत तर ‘किती टक्के झालं?’ असं विचारू नका. उत्तर बहुतेक वेळा नव्वद टक्के असंच येतं. ‘जे झालंय ते आत्ता माझ्यासमोर चालवून दाखवा’ असं म्हणा. आणि हे वरिष्ठांना नाही, प्रत्यक्ष हात घालणाऱ्याला विचारा. त्याला खरं माहीत असतं, फक्त विचारायला कुणी आलेलं नसतं.

अमेरिकेत सुटकेच्या कामाची सूत्रं जेफ्री झिएंट्स यांच्याकडे आली. त्यांच्यासोबत बाहेरून बोलावलेले मोजके अभियंते होते, त्यांत गुगलमधले मायकी डिकरसनही होते. पहिला प्रश्न अवघड होता. ही साइट वाचवायची, की टाकून देऊन नवी बांधायची? अनुभवी माणूस हा प्रश्न टाळतो, कारण आधी घातलेला पैसा आणि श्रम डोळ्यांसमोर असतात. पण तो विचारावाच लागतो. तपासल्यावर त्यांना वाटलं, वाचवता येईल.

तपासताना काय दिसलं? साइट कुठे मंदावतेय, कुठे बंद पडतेय, हे सगळ्यांना एका जागी दिसेल असा फलकच नव्हता! ताप किती ते न मोजताच औषध चालू होतं. आधी ती मोजणी बसवली. मग कळलं की वारंवार लागणारी माहितीसुद्धा साइट दर वेळी मूळ साठ्यातून आणत होती. हजेरी घेताना प्रत्येक नावासाठी ऑफिसच्या कपाटापर्यंत जाऊन यावं, तसं. ती माहिती हाताशी ठेवल्यावर वेग लगेच वाढला.

दुसरा बदल माणसांच्या बाबतीतला होता. कंत्राटदार कितीतरी, पण सगळ्यांची मोट बांधणारा कुणी नव्हता. ते काम क्यूएसएसआय या एकाच कंपनीकडे दिलं. रोज दोनदा बैठक. तिथे दोष कुणाचा यावर बोलायचं नाही. ज्याला अडचण सर्वांत जास्त कळते त्यानं बोलायचं, मग त्याचं पद काहीही असो. आणि येत्या एक-दोन दिवसांत जे बोकांडी बसणार आहे तेवढंच आधी घ्यायचं. आपल्या केंद्रशाळेच्या बैठकीत हे नियम लावले तर बैठक वीस मिनिटांत संपेल, असं मला उगाच वाटून गेलं.

बऱ्याच गोष्टी पुढेही ढकलल्या. लहान व्यावसायिकांसाठीची ऑनलाइन नोंदणी वर्षभर लांबवली. हा निर्णय कडू असतो, पण तो घेतला नाही तर सगळंच अर्धवट राहतं. माणसं वाढवली की काम लवकर होईल, हाही आपला आवडता समज. फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलं होतं की उशीर झालेल्या सॉफ्टवेअरच्या कामात नवी माणसं घातली तर ते आणखी लांबतं. जुन्यांचा वेळ नव्यांना शिकवण्यात जातो ना!

झिएंट्स यांनी २५ ऑक्टोबरला शब्द दिला तोही मोजून. नोव्हेंबरअखेर साइट बहुसंख्य लोकांसाठी नीट चालेल, असं ते म्हणाले. सगळ्यांसाठी, निर्दोष, असं म्हणाले नाहीत.

१ डिसेंबरच्या सरकारी अहवालानुसार चारशेहून अधिक दोष काढले गेले होते. पान उघडायला सरासरी ८ सेकंद लागत, ते एका सेकंदाच्या आत आलं. महिन्याच्या सुरुवातीला साइट जेमतेम ४३ टक्के वेळ चालू असायची, ती ९० टक्क्यांच्या पुढे गेली. एप्रिल २०१४ पर्यंत केंद्र आणि राज्यांच्या साइट मिळून सुमारे ८० लाख लोकांनी विमा निवडला. विमा कंपन्यांना पैसे पोचवणारी मागची यंत्रणा मात्र डिसेंबरमध्येही अपुरीच होती, तिचं काम पुढे चालू राहिलं.